शेंडा

पावसाळ्यात बाबा हापूसची कलमं बांधतात. रायवळ आंब्याचं कोवळं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटायचा आणि तिथे हापूसची काडी बांधायची.

मी शेजारी बसून त्यांना माझ्या कादंबरीची गोष्ट सांगत होते. त्यात सरकार एकाच हुशार मुलीच्या हजार प्रती बनवतं.

"कायतरीच! माणसांची काय कलमं होतात गो?" बाबा हसले आणि त्यांनी खिशातून माझा अकरावीचा फॉर्म काढला. माझ्या थोरल्या बहिणीचं, केतकीताईचंच कॉलेज, तिचेच विषय, तिचाच क्लास.

"सगळा भरलाय मी. तू फक्त सही कर."

मी फॉर्म तसाच परत दिला आणि त्यांच्या पुढ्यातलं एक रोप उचलून छातीशी धरलं.



"याचा शेंडा छाटायचा नाही, बाबा. याला याचेच आंबे धरू देत."