अख्खे काजू

शिमग्याला मुंबईहून आलेल्या महिपतनं सोया सॉसची बाटली काढली आणि थेट चुलीपुढं बसला. "आज चायनीज कोंबडी गो, काजू घालून!"

त्याची बायको मैना हरखली. काजू सोलताना चिकानं बोटं भाजायची तिची, पण अख्खे काजू सासू दरसाल महिपतच्या शेटला म्हणून मुंबईला धाडायची; घरात उरायचे तुकडे.

"काजू आधी तळून बाजूला काढायचे, शेवटी टाकायचे," महिपत रंगात येऊन सांगत होता. "मऊ पडले की पोरं खात नाहीत."

या घरात पाळणा कधी हललाच नव्हता.

"कुणाची पोरं?" मैनानं विचारलं.

महिपतनं आईकडं पाहिलं. म्हातारी खाली मान घालून सुपातले अख्खे काजू वेगळे काढत राहिली.