कुंडीतली ब्लूबेरी

"शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं," कुंडीपुढे बसलेली भार्गवी म्हणाली. "आई, मुळाशी राख कोण घालतं?"

"मीच गो. न्हाणीच्या चुलीतली. माडाला घालते तशी." मालिनी ओशाळली.

"माडाला चालते. ह्या झाडाला आंबट माती लागते. राख काय, चुना काय, आंबटपणा मारतात. मग मातीत लोह असलं तरी झाडाला ते मिळत नाही."

ओटीवर विडा लावत बसलेल्या अण्णांनी मान वर केली नाही. भार्गवीने त्यांना न विचारता यज्ञेशशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांचा लेकीशी अबोला होता. दापोलीच्या नोकरीत असताना तिने हौसेने आणलेलं हे रोप तेवढं पावसच्या अंगणात राहिलं होतं. ते पिवळं पडल्यावर अण्णा बायकोला इतकंच म्हणाले होते, "जिचं झाड तिला बोलाव. मेलं तर खापर माझ्यावर नको." मालिनीने त्याच दिवशी बूथवर जाऊन फोन केला होता.

भार्गवीने माती आंबट व्हावी म्हणून गंधक घातलं, लोहासाठी हिराकसाचं पाणी दिलं. मालिनीने कुंडीत राखेचा कण पडू दिला नाही. तरी नवी पालवी पिवळीच. भार्गवी पुन्हा आली.

"बाजारातून काय आणू गो?" तिने आईला विचारलं.

"सुपारी, आणि चुना. ह्यांना हल्ली पुरतच नाही."

झाड काही सुधारेना. मालिनीच्या जिवाला घोर लागला. ते मेलं तर लेकीला इथे यायला निमित्त कुठलं?

पुढच्या खेपेला अण्णांनीच तोंड उघडलं. "हिराकस किती घालतेस?"

भार्गवी दचकली. "चिमूटभर, अण्णा."

"एसटीत बसायला मिळतं?"

"चिपळूणपर्यंत उभीच होते."

अण्णांनी सुपारी कातरून संपवली. "मग नवऱ्याची मोटारसायकल काय पूजेला ठेवलीय? पुढच्या रविवारी त्याला घेऊन ये. जेवायलाच या दोघं."

भार्गवीला रडू फुटलं. मालिनीच्या छातीवरचा धोंडा उतरला. झाड जगो नाहीतर मरो, आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी लेकीची एसटी वळणाआड गेली. घरी आल्यावर अण्णांनी रिकामी चुन्याची डबी मालिनीपुढे धरली.

"यापुढे विड्यापुरताच आणत जा," ते म्हणाले. "कुंडीला आता नको."