भाड्याची ट्रॉली

बोरीहून परभणीला बिऱ्हाड न्यायला शिवप्रकाशनं ट्रॅक्टरला भाड्याची ट्रॉली जोडली. ट्रॉलीत गाद्यांच्या ढिगावर बसण्याआधी महादेवीबाईंनी लेकाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "चालवताना मागं बघायचं न्हाई अन् कुणाचाबी फोन उचलायचा न्हाई. माझी शप्पत हाय तुला."

गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर जोडणीची पिन उडाली. ट्रॉली भर रस्त्यात थांबली आणि ट्रॅक्टर तसाच पुढं चालला. महादेवीबाई ओरडल्या, पण इंजिनच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. मागून ट्रकचा हॉर्न वाजायला लागला, तसा त्यांनी लेकाला फोन लावला.



लांबवर शिवप्रकाशनं खिशातून फोन काढून बघितला, परत ठेवला आणि मागं न बघताच हात हलवून खूण केली, न्हाई उचलत आई.