मुठीतला चिमटा

अतिदक्षता विभागातला तो पलंग सकाळीच रिकामा झाला. लेक गेला, त्याला नेलंही, चादरसुद्धा बदलली. पण त्याच्या बोटाला लावलेला चिमटा आईनं मुठीत आवळून धरला होता, आणि उशाशी मॉनिटर बाळाला थोपटावं तशा लयीत टुकटुकत होता.

"मावशी, यंत्र खुळं असतं. ते तुमचीच नाडी मोजतंय," सिस्टर हळूच म्हणाली. "द्या बघू इकडे."

"नाही देत, जा! माझं लेकरू आहे ते."

सिस्टरनं डोळे पुसले आणि चिमट्याची वायर मॉनिटरमधून ओढून काढली.

टुकटुक चालूच राहिली.

ती चरकली. मूठ उघडायला तिनं आपलं बोट आत सारलं.

आतून कुणीतरी ते बोट घट्ट धरलं.

"आता सोडवून दाखव," आई म्हणाली.