कापलेलं पान

एकाही विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं दार डॉ. निशिकांत खरवड्यांना उघडेना. दारावरच्या कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा दिसला की ते बंदच राहायचं. ग्रंथपाल इंदुमती लोणारेंच्या ग्रंथालयाचं मात्र आज उघडलं.

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं माझी वाट लावली."

"माझं कुठलं, सर? ते मुक्त आहे, सगळ्यांचं. मी एक नियम लिहिला. ब्लेडनं पान कापणाऱ्याला दार उघडायचं नाही. बाकीच्या ग्रंथपालांना पटला, त्यांनी आपापल्याकडे घेतला."

"एका पानापायी? माझा ग्रंथ अडलाय."

"जात्यावरच्या ओव्यांची ती एकुलती एक वही होती. गाणाऱ्या बायका गेल्या, जाती उंबऱ्याबाहेर पडली."

"मग काढा तो नियम."

"इथला काढलाय. म्हणून तर आत आलात."

खरवडे सैलावले, खुर्ची ओढून बसले. "मोठ्या मनाच्या आहात. आता बाकीच्यांनाही सांगा."

"पान आणा, सांगते."

"ते घर बदलताना हरवलं हो."

इंदुमतीबाईंनी वही आणून त्यांच्यापुढे उघडली. डावीकडच्या पानाच्या तळाशी ओवी अर्धीच होती: 'सरलं दळण, सुपात उरला एक दाणा, बयेला माझ्या निरोप…' पुढे नुसती कापलेली कड.

"पुढची ओळ सांगा, सर. ती वाचणारे शेवटचे तुम्हीच. आठवली की सगळ्यांना कळवते."

खरवडे कापलेल्या कडेवरून बोट फिरवत 'निरोप… निरोप…' एवढंच पुटपुटत राहिले. बाई समोरच बसून राहिल्या, त्यांच्या हातांवर नजर ठेवून.

संध्याकाळी बाईंनी वही मिटली. "उद्या या," त्या म्हणाल्या. "आमचं दार तुम्हाला रोज उघडेल."