हुलग्याचं माडगं

नाथाजी सुभेदार बोलायला उठले, तशी राहीबाईनं कानावरचा पदर मागं सारला.

लोकल बोर्डाची निवडणूक आठ दिवसांवर आली होती. दोन्ही उमेदवार एकाच पारावर, एकाच सतरंजीवर बसले होते. तेव्हा हे असंच असायचं. आधी दोघं मिळून पाटलाकडं पिठलं-भाकरी खायचे, मग पारावर येऊन एकमेकांची उणीदुणी काढायचे. मधे ज्योतिबा मास्तर शाळेची घंटा घेऊन बसायचे. घंटा वाजली की बोलणं बंद. एवढी शिस्त आता दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

आष्ट्याचे धन्यकुमार वकील आधी बोलून गेले होते. ओढ्यावर पूल नाही म्हणून पावसाळ्यात पोरांची शाळा किती दिवस बुडते, ते त्यांनी कागद बघून सांगितलं. त्यातला आकडा न् आकडा खरा होता. लोकांनी माना डोलावल्या आणि जांभया दिल्या.

राहीबाईला पुलाचं काही नव्हतं. ती एकाच गोष्टीसाठी आली होती. तिचा एकुलता एक कृष्णात सुभेदारांच्याच पलटणीत होता, ब्रह्मदेशात. घरी तार आली, तिच्यात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द. पुढं पलटणीची माणसं दोनदा घरी येऊन चौकशी करून गेली. सरकारला माणसाची केवढी काळजी, असं लोक तेव्हा म्हणाले. लढाई संपून वर्ष होत आलं, तरी कृष्णाताचं काय झालं ते सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आज सुभेदार काय सांगतात, एवढंच तिला ऐकायचं होतं.

भाऊबंद म्हणत, पोराचा पिंड तरी घालू. ती घालू द्यायची नाही. घरात एकटी, तरी रोज चार भाकरी थापायची. आईची आशा, दुसरं काय, असं शेजारची रंगूबाई म्हणायची. पण गावात राहीबाईच्या शब्दाला मान होता. पंधरा घरची पोरं लढाईवर गेली होती. ती पंधरा घरं राहीबाई म्हणेल तिकडं मत टाकणार, हे दोन्ही उमेदवारांना पक्कं ठाऊक होतं.

“मी काय शिकल्याला न्हाई,” सुभेदारांनी छातीवरच्या बिल्ल्यांवरून हात फिरवला. “आकडं मला येत न्हाईत. मला मानसं येत्यात. ह्या गावचा कृष्णात! शेर हुता गड्यांनो, शेर. नदीच्या काठाला गोळी लागली. ह्या मांडीवर डोस्कं हुतं त्याचं.” त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आवाज पार खाली आणला. “पानी पाजाय लागलो. म्हनला, पानी नगं सुभेदारसाब. आयेच्या हातचं हुलग्याचं माडगं पायजे. आन् डोळं मिटलं.”

सगळ्या पारावर हुंदका फुटला. ती हुलग्याची कढत पेज कुणाच्या घरी शिजत नव्हती? ज्याला त्याला आपली आई आठवली. वकिलांचा पूल तिथंच वाहून गेला.

रंगूबाई तेवढी कुजबुजली, “आगं, कृष्णात तर माडग्याच्या वासानं उठून पळायचा!”

राहीबाईनं तिचा हात दाबला. “गप.”

वकील उभे राहिले. “सुभेदार, एक शंका आहे. तारेत बेपत्ता म्हटलंय. तुमच्या मांडीवर गेला, तर तुम्ही वर कळवलं कसं नाही?”

“लढाईची गडबड, वकीलसाब...” सुभेदार पटका सारखा करू लागले.

“ठीक आहे. मी उद्याच पलटणीला पत्र घालतो. नीट तपास करा म्हणतो. मावशींना खरं कळलंच पाहिजे.”

वकिलांच्या मनात काही खोट नव्हती, हे सांगायलाच हवं. प्रश्न सरळ होता आणि सुभेदार पुरते सापडले होते. गर्दीत चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात राहीबाई उठली.

“वकीलसायेब, पत्र घालू नगासा. माडगं मागितलं म्हनलं न्हवं सुभेदार? मग माझाच कृष्णात त्यो. दुसरं कोन मागंल?” तिनं पदर डोळ्यांना लावला. “मेल्यालं पोर आनी किती डाव मारायचं? येत्या अवसंला मी त्याचा पिंड घालते.”

वकिलांनी तिथल्या तिथं हात जोडले. “चुकलो मावशी. नाही घालत पत्र.”

मास्तर घंटा वाजवायची विसरले. वकील त्या निवडणुकीत पडले आणि ओढ्यावरचा पूल पुढं कितीतरी वर्षं झाला नाही. पण पत्र त्यांनी घातलं नाही ते नाहीच. शब्दाला जागणारी माणसं होती. त्यांची आठवण झाली की अजून गलबलून येतं.

रंगूबाईनं राहीबाईला हाताला धरून घरापर्यंत आणलं. “खोटं बोललीस गं,” ती दारात म्हणाली. “पर बरं केलंस. लेकराला मरताना कुनाची मांडी तरी मिळाली.”

राहीबाईनं तिला वाटेला लावलं. दिवेलागण व्हायची होती. तिनं दाराला आतून कडी घातली, शिंक्यातल्या भाकरी काढल्या आणि वैरणीच्या माळ्याला शिडी लावली.

“उतर रं खाली,” ती हळूच म्हणाली. “मेलास तू. सुभेदारानं डोळ्यानं बघितलंय. आता पलटनीचं कुनी हुडकत येत न्हाई.”