साड्यांखालची वाट

डाळिंबाच्या बागेतून निघालेल्या साड्या शाळेसमोरच्या रस्त्यापर्यंत पोचल्या, त्या दिवशी सकाळी दहा वाजता वैष्णवी घराबाहेर पडली. वय वर्षं सात. गेल्या दोन वर्षांत दिवसाउजेडी बाहेर पडायची ही पहिलीच वेळ.

कवठे येमाईत फळांना उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून डाळिंबावर जुन्या साड्या टाकतात. तिच्या आजोबांनी, जयसिंग आबांनी, त्या तशाच पुढं नेल्या. बांबू रोवून, तिहेरी घड्या घालून, बांधावरून, ओढ्याच्या कडेनं. साड्या बानूबाईनं पुरवल्या. ती जुन्या कपड्यांवर भांडी देते. एवढी कुठली डाळिंबं लागलीत, असं तिनं विचारलं होतं. आबा म्हणाले, “एकच हाय.”

आत फाल्गुनातलं ऊन गाळून, रंगून उतरत होतं. दहा पावलं अंजिरी, मग पोपटी, मग कुणाच्या तरी साखरपुड्याचं जांभळं. वाऱ्यानं सगळी वाट एकदम श्वास घ्यायची आणि सोडायची. वैष्णवी हातमोजे, टोपी आणि तोंडावर काच अशी, मोहोळ काढायला निघाल्यासारखी चालली होती. मागून आबा. त्यांच्या हातात पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेलं ऊन मोजायचं यंत्र. रेंज शोधावी तसं ते वर धरून चालले होते. आकडा शून्य.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. ऊन सगळ्यांच्याच पेशींतले धागे तोडतं. आत दुरुस्तीवाले असतात, ते सांधत राहतात. हिच्यात ते कामावर येतच नाहीत. आबांना हे लगेच पटलं. गावातल्या विजेच्या डीपीच्या वायरमनचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव होता. नाकावरची गाठ काढली, पण उन्हागणिक नवी यायची भीती आहे, असंही डॉक्टर म्हणाले. आणि म्हातारपण तरी काय, तुटणं वाढतं, सांधणं मागं पडतं. हिच्या कातडीचं वय आत्ताच ऐंशीच्या घरात आहे.

वैष्णवीनं त्यातलं ऐंशी तेवढं ऐकलं. आबा चौऱ्याहत्तरचे. घरी आल्यावर तिनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. तपकिरी ठिपके तिचेच जास्त भरले. तेव्हापासून घरात मोठी ती. आबा तिला अहोजाहो करू लागले आणि ती त्यांना नावानं हाक मारू लागली. पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, मी शाळेत जाणार. घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द आबांनी जन्मात कधी मोडला नव्हता.

रस्त्याशी साड्या संपल्या. उसाच्या ट्रॉल्या उंच भरून जातात, त्यामुळे तिथं बांबू चालत नव्हते. बारा पावलं उघडी. पलीकडं शाळेचं दार. वर्गाच्या खिडक्यांना गुरुजींनी पुढाऱ्याच्या गाडीसारखी काळी फिल्म लावून घेतली होती. ठरल्याप्रमाणे बानूबाई जाड वाकळ घेऊन कडेला उभी होती.

आबांनी यंत्र रस्त्यावर धरलं. आकडा शून्यावरून चारवर गेला, मग सहावर. ते थिजले. त्यांनी मागं वळून सगळ्या साड्यांकडं एकदा बघितलं.

“तुमी म्हणत असाल तर माघारी जाऊ,” ते म्हणाले. “घरीच शिकवीन. मला बाराखडी येती सगळी.”

वैष्णवीनं तोंडावरची काच हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

“वाकळ धर, जयसिंग.”

एक टोक आबांनी धरलं, एक बानूबाईनं. कडा पार घोट्यापर्यंत सोडल्या. उसाचा एक ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं गाणी बंद केली आणि मयताला थांबतात तसा थांबला. मग वाकळीखालून शाळेचे दोन बूट टुकुटुकु चालत जाताना त्याला दिसले. ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचं तो विसरला.

दाराच्या आत अंधार होता, गार. आबांनी आधी यंत्र आत धरलं. शून्य. वाकळ खाली पडली, ती कुणी उचलली नाही. वर्गातली पोरं वळून बघत होती.

मोठ्या कामाला निघताना घरातल्या थोरांच्या पाया पडायची रीत आहे. आता निघालं कोण आणि थोर कोण, याचा हिशेब आबांनी केला नाही. ते गुडघ्यावर हात टेकत, कण्हत वाकले आणि त्यांनी बुटांना हात लावला.

अशा वेळी मोठ्या माणसांनी काय म्हणायचं असतं, ते वैष्णवीनं थोडं आठवून बघितलं. मग हातमोजा त्यांच्या टकलावर ठेवला.

“माझ्याएवढा हो,” ती म्हणाली.